हाक मारल्यावर वळते

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा मी एक वही केली. अंगणवाडीतून मिळालेलं कार्ड होतंच, पण त्यावर माझं समाधान कुठलं व्हायला! फोनवर वाचून वाचून मी स्वतःची यादी काढली. कुशीवर वळते, आधाराशिवाय बसते, टाळ्या वाजवते. प्रत्येक ओळीपुढे चौकट आणि चौकटीत हिरव्या पेनने बरोबरची खूण. मला शाळेत कधी कुणी पैकीच्या पैकी दिले नव्हते, ते मी लेकीला द्यायला बसले होते. 'नावाने हाक मारल्यावर वळते' या ओळीपुढे तर मी कौतुकाने दोन खुणा केल्या.

आम्ही तेव्हा मोरिवलीत, सासूबाईंच्या घरी राहायचो. आमची मोरी आणि कारखान्याची भिंत यांच्यामध्ये एक गटार, बस्स. आठला प्रेस मशीन सुरू झालं की ताटल्यासुद्धा मांडणीवर थरथरायच्या. त्या घरात कुणी बोलायचं नाही, सगळे ओरडायचे. 'चहा ठेवू का?' हेसुद्धा भांडल्यासारखं. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, सासूबाई माझ्यावर कशावरून तरी चिडल्यात. वर्षभरात माझाही आवाज तसाच झाला, आणि बाहेर गेले तरी तसाच राहायचा.

मी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये एका कापडाच्या दुकानात बिलिंगला होते. सासूबाई तेव्हा पॅकिंगच्या कामाला जायच्या. म्हणून मुलगी दहा महिन्यांची झाल्यावर तिला दुकानामागच्या गल्लीत एका सिंधी आंटींकडे ठेवू लागले. एकट्या राहायच्या. घर स्वच्छ, आवाज इतका हळू की मला दोनदा 'काय?' विचारावं लागायचं. मुलीला भरवताना त्या तिच्या अगदी समोर बसायच्या.

मुलगी दीड वर्षाची झाली आणि वहीत पहिल्यांदा चौकटी रिकाम्या राहायला लागल्या. 'पाच-सहा शब्द बोलते.' कुठले शब्द? 'बा' आणि 'म्म'. मी 'म्म'चे तीन अर्थ लावले आणि तीन शब्द धरले. कुणाला फसवत होते देव जाणे. वही बघणारी मी एकटीच होते.

त्याच आठवड्यात संध्याकाळी मी तिला घ्यायला गेले, तर आंटी दारातच थांबल्या. म्हणाल्या, "पुट, बेटा, बुरा मत मानना. मैं पीछे से बुलाती हूँ तो ये सुनती नहीं. सामने आऊँ तो हँसती है. एक बार कान दिखा दे."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! माझ्या पोरीला बहिरी म्हणते? मी तिथल्या तिथे मुलीला मागून हाक मारली, आमच्या घरच्या आवाजात. शेजारच्या खिडकीतून बाई डोकावली. मुलगी वळली. "देखा?" मी म्हटलं. आणि तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण नाही. मी म्हटलं, "आंटी, आपके घर में सिंधी, हिंदी सब मिक्स चलता है, इसलिए बच्ची बोलती नहीं. उसमें कमी मत निकालो." आंटींनी आत जाऊन तिची बाटली आणि झबली पिशवीत घालून माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला तिकडे नेलं नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई माझ्याही वर. "आपल्या घरात कुनी बहिरा हाय का? हिचा बापूस तीन वर्सांचा झाला तवा बोलला. आता गप बस म्हनलं तरी बसतो का? आणि पोरीची जात हाय, गावभर बोंबलू नको, उद्या लग्नाला आडवं येईल." दीड वर्षाच्या पोरीचं लग्न! नवरा म्हणाला, "आईला कळतं." झालं. सासूबाईंनी काम सोडलं आणि नात सांभाळायला घेतली.

आणि मग आमचे उपाय. बदलापूरकडच्या कुठल्याशा वाडीवरून सासूबाईंनी पोपटाने टोचलेला पेरू आणवला. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं म्हणतात. मी बीकॉम झालेली बाई, मी तो पेरू धुतलाही नाही, धुतला तर गुण जाईल म्हणून. चोचीच्या खुणेजवळचा तुकडा काढून मी स्वतः तिच्या तोंडात घातला. तिने तो थुंकून टाकला. परत घातला. पुढचे दोन दिवस तिला जुलाब झाले. दोन वर्षांची झाली तेव्हा मी वहीत लिहिलं, 'समजतं सगळं, बोलायचा कंटाळा करते.' आळशी म्हटलं मी तिला. हट्टी म्हटलं. एकदा 'पाणी म्हण, मगच देईन' म्हणून अर्धा तास भांडं हातात धरून बसले. ती रडून रडून झोपली, तहानलेलीच.

ती सव्वादोन वर्षांची असताना आम्ही सोनिवलीला फ्लॅट घेऊन राहायला गेलो. नवी बिल्डिंग, निम्मी रिकामी, मागे शेतं. पहिल्या रविवारी सकाळी मी डाळीचा कुकर लावला होता. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे पाठ करून, डबे रचत बसली होती. शिट्टी झाली. मी स्वतः दचकले. ती डबा डब्यावर ठेवत राहिली. दुसरी शिट्टी झाली, तरी तेच. मी हळूच तिचं नाव घेतलं. मग थोडं मोठ्याने. मग दोन पावलांवर जाऊन, जसं चारचौघांच्या घरात आई मुलाला बोलावते तसं. काहीच नाही. शेवटी मी मोरिवलीच्या आवाजात ओरडले, तेव्हा ती वळली आणि हसली. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. नवरा आतून ओरडत आला, "काय झालं, कशाला बोंबलतेस?"

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. औषध देऊन तिला झोपवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या. रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांसमोर बसलो. मुलगी माझ्या मांडीवर. डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे समजावत होत्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. ओरडून बोललेलं पोचतं, साधं बोलणं पोचत नाही. "ऐकलेलंच नाही, तर बोलणार कशी? मशीन लावू, थेरपी करू, बोलेल ती. पण एवढा उशीर का केलात? वर्षभर आधी आणलं असतं तर खूप सोपं गेलं असतं."

मी सोबत वही नेली होती. त्यांनी चाळली. दोन खुणांची ओळ बघून त्या थांबल्या. पान मिटून त्यांनी विचारलं, "इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात आलं नाही? सांभाळणाऱ्या, शेजारच्या, कुणीच काही म्हणालं नाही तुम्हाला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

तेही मी साध्या आवाजात म्हटलं. मुलगी माझ्या मांडीवर बसून माझ्या ओढणीचा गोंडा चोखत होती. तिला ते ऐकू गेलं नाही.