वळची हळद आणि पाच वाजताचा धूर

अमळनेरहून रात्री निघालेल्या एसटीने मला सकाळी सातच्या सुमारास मानकोली नाक्यावर उतरवलं, तेव्हा समोरचं सगळं पांढुरकं होतं. पूल अर्धाच दिसत होता. कंटेनर त्या पांढऱ्यातून एकामागून एक बाहेर यायचे आणि पलीकडे पुन्हा त्यातच शिरायचे. माघ महिना, हवेत छान गारवा. मी शाल आवळून घेत रिक्षावाल्याला म्हटलं, "काय सुंदर धुकं पडलंय हो!"

तो हसला. "नाशिकचं धुकं नाशकालाच राहिलं, ताई. हे आमचं लोकल हाय." आणि नाकावर रुमाल ओढून त्याने रिक्षा सुरू केली.

मी निघाले होते भिवंडीजवळच्या वळ गावी, कल्पनाच्या मुलीच्या लग्नाला. डी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. पुढे ती लग्न करून या आगरी घरात आली, मी खानदेशात मास्तरकी केली, आणि तीस वर्षांत तिच्या गावी यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. तिच्या पत्रांतून मी जे गाव ओळखत होते, त्यात भातखाचरं होती आणि खाडीवरून येणारा वारा होता. रिक्षातून दिसली ती निळ्या पत्र्यांची गोदामं. मधूनच एखादं कापणी झालेलं खाचर, त्यात चार बगळे, की पुन्हा गोदाम. रस्त्याकडेची आंब्याची झाडं तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती.

कल्पनाचं घर तीनमजली, दारात मांडव. तिने मला मिठी मारली आणि लगेच खोकली. मग मी खोकले. मग दोघी हसत सुटलो.

आंघोळ करून मी प्रवासातली मोतिया रंगाची साडी गच्चीवर वाळत घातली. तासाभराने पाहते तर साडीवर बारीक काळे ठिपके, जणू कुणी मोहरी उधळली होती.

"अगं, इथे हिवाळ्यात बाहेर कोण वाळत घालतं?" कल्पना म्हणाली. "दिवाळीपासून होळीपर्यंत आमचे कपडे घरात वाळतात. पावसाळ्यात उलट जरा बरं असतं, हवा धुऊन निघते."

दुपारच्या पंगतीत तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा) रस्सा. मी जन्मात खेकडा फोडला नव्हता. पहिलाच डेंगा (नांगी) दाताखाली धरला तो सटकला आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या ताटात जाऊन पडला. त्यांनी तो उचलला, सराईतपणे फोडला, आतलं मांस काढून माझ्या पानात ठेवलं.

"खा गो बाय. मास्तरीन ना तू? शिकून घे."

या चांगुणाआत्या. कल्पनाच्या नवऱ्याची, जनार्दनरावांची सख्खी आत्या, आणि गावाची धवलारीण (लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, गाऊन लग्न लावणारी मानकरी बाई). वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं ठसठशीत. त्यांनी कमरेची चंची सोडली; मला वाटलं, पान निघेल. निघाला दम्याचा पंप. दोनदा ओढला, तोंड धुतलं आणि चंचीत परत ठेवला.

"जन्मात बिडी वडली न्हाय," त्या मला म्हणाल्या. "तरी दिवाली झाली का माजी छाती वाजाय लागते. होली झाली का गप. टेमघरचा डाक्टर म्हनतो, थंडीत धूर वर जात न्हाय, खालीच बसतो. चूलपन बंद केली त्यानं माजी. गॅसवरची भाकर गिलतंव आता."

संध्याकाळी मांडवात पहिला धवला व्हायचा होता. बायका दाटीवाटीने बसल्या. कल्पनाची मुलगी पाटावर. चांगुणाआत्यांनी तांदूळ हातात घेऊन डोळे मिटले आणि आवाज लावला. खर्जातला, खडबडीत, पण असा भरीव की माझ्या अंगावर काटा आला. दोन ओळी झाल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एक वास आला, जळक्या प्लास्टिकचा, घशात चिकटणारा. घड्याळात पाच वाजले होते. गोदामांच्या मागून काळा धूर उठला आणि वर न जाता खाचरावरून सरळ मांडवाकडे सरपटत आला.

तिसरी ओळ मध्येच तुटली. आत्या खोकायला लागल्या. थांबेचनात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठ निळसर दिसायला लागले. कल्पनाने चंची उपसून पंप दिला, मी पाठ धरून बसले. नवरी पाटावरून उठून रडायला लागली होती. टेमघरच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी फोनवरच पंप कसा, किती द्यायचा ते सांगितलं आणि आराम पडला नाही तर ताबडतोब घेऊन या म्हणाले. गाडी दारात लावून ठेवली. ती दहा-पंधरा मिनिटं मला फार मोठी गेली. मग हळूहळू शिट्टी उतरली. आत्यांनी डोळे उघडले आणि आधी भाच्याकडे, जनार्दनरावांकडे पाहिलं.

"जनू, या धुरात मी धवला बोलनार न्हाय."

"आत्या, आता आराम कर. उद्या बघू."

"उद्यापन न्हाय. धवल्यात देवांना बोलवायचं असतं. त्यांनापन नाक हाय."

कुणीतरी फिसकन हसलं, पण आत्या हसल्या नाहीत. धवल्याशिवाय या घरात लग्न झालेलं कुणालाच आठवत नव्हतं. जनार्दनराव घाम पुसत उभे राहिले. कल्पनाने कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली. "चला," एवढंच म्हणाली. तिच्यामागे जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्या जरीच्या लुगड्यांत आणि साड्यांत, हातात बादल्या, कळशा, एकीकडे तर कुकर. मीही निघाले. खाचराच्या बांधावर माझी चप्पल चिखलात अडकली ती तिथेच राहिली.

गोदामामागे थर्माकोल, पॅकिंगच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पेटला होता. शेजारी तोंडाला गमछा बांधलेला सुपरवायझर, पांडेजी, स्वतःच खोकत उभा होता. एवढ्या नटलेल्या बायका बघून तो दोन पावलं मागे सरला.

"पांडेजी, ये आग बंद करो," जनार्दनराव दरडावून म्हणाले. "घर में शादी है."

पांडेजी गोंधळला. "सेठ, आप ही ने तो बोला था, रास्ते में मत रखो, उधर कोने में जला दो."

सगळ्या बायका जनार्दनरावांकडे वळल्या. जमीन त्यांची, गोदामाला भाड्याने दिलेली, हे मला तेव्हा कळलं. कल्पना नवऱ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तीन हिवाळे मी यांच्या नावानं ओरडतेय," ती पांडेजीकडे बोट दाखवत म्हणाली, "आणि परवानगी घरातली?"

जनार्दनराव पुढे झाले. त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली आणि ढिगावर ओतली. मग दुसरी. सफारीच्या बाह्या वर करून त्यांनी एकट्याने आठ-दहा बादल्या ओतल्या. कुणी त्यांना मदत केली नाही, अगदी मुद्दाम. शेवटी पांडेजीनेच पाइप आणला.

"माझ्या लहानीला पण खोकला आहे," तो मोडक्या मराठीत मला म्हणाला. "हप्त्यातून एकदाच भंगारवाला येतो. ठेवू कुठे?"

जागा जनार्दनरावांनी दिली, त्यांच्या बैलांचा रिकामा गोठा. बैल जाऊन वीस वर्षं झाली होती. पट्ट्या आणि थर्माकोल बांधून तिथे ठेवायचं, भंगारवाल्याने एकाआड एक दिवस न्यायचं असं तिथल्या तिथे ठरलं. दुसऱ्या दिवशी, हळदीच्या सकाळी मी पाहिलं, तर स्वतः जनार्दनराव गोठ्यात उभे राहून गठ्ठे रचून घेत होते.

त्या संध्याकाळी पाच वाजले, सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेजारच्या राहनाळ गावाच्या बाजूला कुठेतरी धुराची रेघ होती, रस्त्यावरची धूळही होती, पण आमच्या मागचं आभाळ मोकळं होतं. चांगुणाआत्या भिंतीला टेकून बसल्या. "आज सगली ओल मना जमनार न्हाय," त्या म्हणाल्या. "मी सोडीन तिथून उचला." आणि त्यांनी धवला सुरू केला. अर्ध्या ओळीवर दम संपला की त्या हात वर करायच्या आणि बायका पुढचं उचलायच्या. काहींना शब्द येत नव्हते, मग आत्या खोकत खोकतच दटावायच्या, "तोंड उघडा गो, फोटू काढायला बसल्यात का!" मुलीला हळद लागली. जनार्दनरावांनाही लागली, बायकांनी त्यांचं तोंड इतकं माखलं की भटजींनी ओळखलं नाही.

लग्न लावून मी परत निघाले ती तांदळाची बोचकी आणि कोरडा खोकला घेऊन. खोकला चार दिवसांत गेला.

घरी आल्यावर आठवड्याने धाकट्या भावाच्या शेतावर गेले. कापूस निघून गेला होता आणि तो पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग पेटवत होता. दरवर्षीचंच काम. त्या वासाला मी आजवर 'माघातला वास' म्हणत आले होते, चक्क आवडीने. बांधापलीकडे वस्तीतली एक बाई लेकराला कडेवर घेऊन, पदराने त्याचं नाक झाकत घाईघाईने घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. हे दार ती दरवर्षी लावत असणार. मी बघितलंच नव्हतं.

"आक्का, अशी काय उभी?" भावाने विचारलं.

दोन ढीग पेटले होते, सात बाकी होते. मी त्याच्या हातातली काडेपेटी मागून घेतली, बांधावर बसले आणि म्हटलं, "ये, बस. तुला एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगते."