तोलल्यानंतरचा डबा

कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा तर मांड्यांत ताकद हवी, नाहीतर चढाई करणारा तुम्हाला पायाशी लटकवून मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. आणि वेगही हवा, नाहीतर त्याचा घोटा हाती लागण्याआधीच तो आपल्या अंगणात पोहोचलेला असतो. अकरावीत असताना माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. हौस तेवढी होती, आणि नुसत्या हौसेला आमच्या सिल्वासात कुणी हिंग लावूनही विचारत नाही.

आमचे सर कोकणातले. शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर आम्हाला पिळून काढायचे. त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधून ट्रकचा जुना टायर ओढायला लावला. आमलीतल्या पंक्चरवाल्यानं तो फुकट दिला होता. ओढताना मात्र फुकट वाटत नसे. वेगासाठीचं सामान वडिलांनी आणलं. ते सायलीला धाग्याच्या कारखान्यात कामाला होते. धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या चेपल्या की तिथे फेकून देत, त्या ते पिशवी भरून घेऊन आले. नळ्या ओळीनं उभ्या मांडायच्या आणि एकही न पाडता मधून नागमोडी पळायचं. सुरुवातीला मी मधून पळालो की मागे एकही नळी उभी नसायची. रात्रपाळी करून आलेले वडील झोप बाजूला ठेवून त्या पुन्हा उभ्या करत बसायचे. ते स्वतः कधी खेळले नव्हते, नियमही त्यांना धड माहीत नव्हते. पण माझ्या धक्क्यानं पडणाऱ्या नळ्या कमी झाल्या हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं.

वर्षभरात अंग भरलं. गावाकडचे, धुळ्याचे नातेवाईक आले की वडील माझा दंड त्यांना चाचपायला लावत. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

अडचण एकच होती. कुमार गटाला वजनाची मर्यादा असते, आणि ताकद काही बिनवजनाची येत नाही. आमच्या केंद्रशासित प्रदेशाच्या संघाची निवड तोंडावर आली तेव्हा मी थोडा वर भरत होतो. मग सगळे कबड्डीवाले करतात तेच मीही केलं. जेवण तोडलं, पाणीसुद्धा मोजून प्यायलो, आणि भर उन्हात रेनकोट घालून रांध्याच्या रस्त्यानं पळालो. त्या दिवसांत वडील घरी माझ्यासमोर जेवत नसत. कँटीनमध्ये खाऊन आलो, म्हणायचे. खरं होतं की नाही, देव जाणे.

निवडीच्या दिवशी सकाळी वजनं झाली. मी काठावर का होईना, बसलो. सामने दुपारी होते. सरांनी बजावलं होतं की तोलून झाल्यावर केळं खायचं, लिंबू-साखरेचं पाणी प्यायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मी केळं सोलतच होतो, तेवढ्यात वडील आले. रात्रपाळी उरकून, घरी जाऊन, डबा घेऊन थेट मैदानावर. डब्यात वरण-बट्टी होती आणि वांग्याची भाजी. आईनं पहाटे उठून बट्ट्या तुपात अगदी बुडवून दिल्या होत्या. आमच्याकडे आनंदाचं काही घडलं की हेच होतं. वडिलांच्या मते परीक्षा वजनाचीच होती, आणि मी पास झालो होतो.

सरांचं म्हणणं मी त्यांना अर्धवट सांगितलं. त्यांनी तोवर बट्टी कुस्करली होती.

“खाय,” ते म्हणाले. “तोलून झालं ना? आता कोन अडवतं तुले?”

केवळ त्यांचं मन मोडू नये म्हणून खाल्लं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण भूक अशी लागली होती की दुसऱ्या घासानंतर सर, संघ, निवड काही आठवलं नाही. ते “अजून घे, अजून घे” म्हणत राहिले आणि मी घेत राहिलो.

दुपारी चढाई करणारा माझ्याच कोपऱ्यात आला. त्याचा पाय कुठे पडणार ते मला दिसलं, वर्षभर मी तेच तर शिकलो होतो. पण अंग खाली जाईपर्यंत पाय निघून गेला. पुढच्या चढाईतही तेच झालं. एकदा घोटा हाती लागला, तर पोटात अशी कळ आली की पकड सुटली. सरांनी मला बाहेर बोलावलं.

काय खाल्लंस, असं त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडण्याआधी वडिलांनीच सांगितलं. अगदी कौतुकानं सांगितलं. सर चिडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, “भाऊ, तोलल्यावर एवढं जड द्यायचं नसतं हो. पोराचं वर्ष गेलं.”

वडील रिकाम्या डब्याची कडी लावत होते. ती नीट बसेना.

“माले माहीत नव्हतं, सर,” ते म्हणाले.

सरांचा मला अजून राग येतो. त्यांचं चुकलं असतं तर एव्हाना मी विसरून गेलो असतो. रस्त्यात मी वडिलांना सांगत राहिलो की बाकीची मुलंच सरस होती, मी तसाही संघात बसलो नसतो. ते मान हलवत राहिले.

त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी माझी निवड झाली तेव्हाही ते कामावरच होते. मी तसाच धावत सायलीला गेलो आणि पाळी सुटेपर्यंत फाटकाशी थांबलो. ते बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “काही खाल्लं नव्हतं ना?”

नाही म्हणालो.

“बरं केलं,” ते म्हणाले आणि चालू लागले.

मी सकाळच्या केळ्यावरच होतो. रस्त्यात वडापावच्या गाड्या लागल्या, पण ते कुठेच थांबले नाहीत. घरी आईनं ताट वाढलं, तेव्हा ते पाणी घेऊन दाराबाहेर जाऊन बसले. आता मी खेळतही नाही, वजनाचं कुणी विचारतही नाही. तरी आजतागायत जेवताना त्यांनी मला ‘अजून घे’ म्हटलेलं नाही.