सार की चार

माझी अक्का वेंकूबाई आणि तिचे यजमान तुळजाराम राव तंजावरात राहतात. भावजी वीज मंडळात कारकून होते, ती नोकरी पोटापुरती. खरं काम फुटबॉलचं. सदतीस वर्षांपूर्वी मोपेडवरून कावेरीकाठची गावं पालथी घालून त्यांनी अकरा संघ जमवले आणि स्पर्धा सुरू केली. स्वतः त्यांना चेंडू धड लाथाडता येत नाही. पण मैदान मागणं, रेफरी आणणं, चुन्याच्या रेषा मारणं, भांडणं मिटवणं, सेक्रेटरी म्हणून सगळं त्यांच्याच गळ्यात. मुलींची स्पर्धा काढली तेव्हा लोक हसले, तर हे घरोघर जाऊन आयांना भेटून आले. मी त्यांचा लाइन्समन. गुडघे कुरकुरतात, तरी अजून आहे.

भावजींचा एक नियम आहे, पंधरा मिनिटांचा. तेवढ्यात संघ आला नाही तर हरला. कारण विचारायचं नाही. फार वर्षांपूर्वी अंतिम सामन्याला पापनाशमची मुलं एकवीस मिनिटं उशिरा आली, रेल्वे फाटक बंद होतं म्हणाली. भावजींनी वहीत निकाल लिहून टाकला होता, आणि वहीत लिहिलेलं ते खोडत नाहीत. कप्तान सूर्यनारायण मुकाट्यानं परत गेला. आता तो पापनाशमच्या मुलींना शिकवतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी भावजींबद्दल अक्काला कितीदा म्हणालो असेन.

यंदा पापनाशमच्या मुली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आल्या. वेळ पाचची होती. मैदान एका शाळेचं. सकाळी शाळेनं कळवलं, आमचा कार्यक्रम आहे, सहाला मैदान रिकामं हवं. भावजींनी सामना चारवर आणला. दुसरा संघ तिरुवैयारुचा; त्यांना शिकवणाऱ्या बाई समोरच होत्या, त्यांना तोंडी सांगितलं. पापनाशमला फोन करायचा होता. भावजींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून फोन अक्का करते. ती देवळात गेली होती, तेव्हा चिठ्ठी ठेवून ते चुना घेऊन मैदानावर गेले.

आम्ही घरी मराठी बोलतो, पण लिहितो तमिळ अक्षरांत. त्या लिपीत च आणि स यांना आम्ही एकच अक्षर वापरतो. भावजींनी लिहिलं होतं, "पापनाशमला चार. विसरू नको." अक्कानं वाचलं, "पापनाशमला सार."

सव्वाचार वाजले. पापनाशमचा पत्ता नाही. भावजींनी शिट्टी फुंकली आणि वहीत लिहिलं, तिरुवैयारु विजयी.

साडेचारला अक्का रिक्षातून उतरली, मोठं पातेलं घेऊन. वरून कोथिंबीर घातलेलं गरम सार, अठरा पोरींना पुरेल एवढं.

"फोन केलास का?" भावजींनी विचारलं.

"कसला फोन? सार तुम्हींच सांगितलांत कीं," ती म्हणाली आणि चिठ्ठी पुढे केली.

मला हसू आलं. भावजींचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं.

पाचला वीस कमी असताना पापनाशमची व्हॅन आली. लवकर पोहोचलो म्हणून मुली खुशीत होत्या, बुटांच्या नाड्या बांधत उतरत होत्या. तिरुवैयारुच्या बाई म्हणाल्या, "निकाल लागलाय." नियमानं त्यांचं बरोबर होतं. चिठ्ठीचं आम्हा तिघांनाच माहीत.

"माझी चूक म्हणून सांगा," अक्का हळूच म्हणाली.

भावजींनी वही उघडली, ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलेलं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं: निकाल रद्द. वेळ कळवली नाही. चूक सेक्रेटरीची. सामना आत्ता, अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव. बाई कुरकुरल्या, पण त्यांच्या मुली मधल्या रेषेवर जाऊन उभ्याही राहिल्या होत्या. भावजींचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

सूर्यनारायण वहीजवळ आला. त्या आडव्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं. मग खालच्या आवाजात, तमिळमध्ये म्हणाला, "सर, आमच्या वेळी फाटक खरंच बंद होतं."

"ठाऊक होतं मला," भावजी म्हणाले. "मी फाटकाखालून मोपेड घालून आलो होतो. तुमची गाडी मागे उभी होती."