नीलांबरी कशी धावली

कराड मागे पडतं तशा पद्माकर बहिरटांच्या पापण्या जड होत जातात. डब्यातली जेवणं आटोपली आहेत. समोरच्या बाकावरचं, बेळगावला उतरणारं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगतंय. खिडकीबाहेर ऊस आहे, मग पुन्हा ऊस, मधेच एखादं केळीचं रान, की परत ऊस. गाडीची खडखड आता वेगळी ऐकू येत नाही, ती श्वासासारखी झाली आहे.

पद्माकर म्हैसूरला निघालेत, रेस बघायला. वय सदुसष्ट, वीज मंडळातून निवृत्त, सोबतीला कुणी नाही. सहा वर्षांत त्यांनी रेसकोर्सात पाऊल टाकलेलं नाही. पुण्यात रेसचा मोसम सुरू झाला की शनिवार-रविवारी ते मुद्दाम घरातली कामं काढून बसायचे. पंख्याची पाती पूस, माळा आवर, असलं काहीतरी. लोकांना वाटायचं, भाऊ गेल्यापासून मन उडालं. तेही पूर्ण खोटं नव्हतं.

हे म्हैसूर तसं त्यांचं नाहीच. थोरल्या भावाचं आहे. सुधाकरदादा शहराच्या बससेवेत टाइमकीपर होता. दर ऑगस्टला तो म्हैसूरची सहल आखायचा. कुठली गाडी, कुठल्या बाजूची खिडकी, डबा कुठे उघडायचा, उतरल्यावर जेवायचं कुठे, सगळं पानभर, मिनिटांसकट. म्हैसूरच्या रेसकोर्सामागे चामुंडीचा डोंगर आहे आणि घोडे वळणावर आले की डोंगरातून उतरल्यासारखे दिसतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ते त्याच्या मनात जाऊन बसलं होतं. पण दर वर्षी काहीतरी निघायचं. मुलीचं लग्न, वहिनींचं ऑपरेशन, पद्माकरांची बदली. दादा गेला तेव्हाही सहल कागदावरच होती.

गेल्या महिन्यात शैलावहिनींनी तो कागद आणून पद्माकरांच्या हातात दिला. यांचं म्हैसूर एकदा होऊन जाऊ दे भाऊजी, इतकंच म्हणाल्या. पद्माकरांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

डोकं खिडकीच्या गजाला टेकतं. गजाची थरथर कपाळात उतरते. उसाचे तुरे लांबट होतात, पांढरे होतात, वाऱ्यावर सगळे एका बाजूला झुकतात, आणि आता ते तुरे आहेत की आयाळी, हे काही नक्की सांगता येत नाही.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

पद्माकर न बघताच सरकतात. शेजारी दादा बसतो. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, गाल भरलेले, आजारपणाच्या आधी होते तसे. दादा आता नाही हे पद्माकरांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनीच खांदा दिला होता. पण तो विषय आत्ता काढायचा नसतो. घरी आलेल्या पाहुण्याला, परत कधी जाणार, असं कुठे कुणी विचारतं?

दादा बाहेर बघतो, मग सूर्याकडे, मग पद्माकरांकडे.

"उजवी खिडकी घेतलीस."

"डावी मिळाली नाही दादा."

"संध्याकाळभर ऊन खात बसशील. मी लिहून ठेवलं होतं की."

आवाजात राग नाही, नेहमीची टाइमकीपरची कुरकुर आहे. पद्माकरांना फार बरं वाटतं. दादा पुढे विचारत राहतो, लॉज कुठलं घेतलंस, रेसबुक कधी मिळणार, चांगली चप्पल घेतलीस का, तिथे चिखल असतो. पद्माकर एकेकाचं उत्तर देतात. दादा हातातल्या तक्त्यावर खुणा करतो. तक्ता डेपोतला आहे, कडेला निळी शाई सांडलेला, आणि ते दोघं बसलेत ती डेपोतलीच केबिन आहे. जाळीच्या खिडकीपलीकडे लाल बसगाड्या रांगेने उभ्या आहेत. शेवटची गाडी मान झटकते, जागच्या जागी पाय बदलते. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दादा तिच्याकडे बघून खूण करतो, जरा दम धर अशी.

मग तो तक्त्यावरून नजर न उचलता विचारतो, "त्या दिवशी तू कुठली गाडी पकडलीस?"

कुठल्या दिवशी, हे पद्माकरांना विचारावं लागत नाही.

सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबरातला रविवार होता. दादा इस्पितळात होता, मूत्रपिंडं निकामी झालेली. त्या दिवशी पुण्याला नीलांबरी धावणार होती. ही दादाची घोडी. त्याच्या मालकीची नव्हे, घोडे पाळणारी माणसं वेगळी. पण पहिल्या रेसपासून त्याने तिच्यावर जीव लावला होता. सात वेळा धावली आणि एकदाही चौथ्याच्या वर आली नाही. रेसकोर्सातले दोस्त हसायचे. दादा म्हणायचा, हिला ओली माती लागते आणि लांबचं अंतर लागतं, दोन्ही एका दिवशी मिळू दे, मग बघा. त्या रविवारी दोन्ही मिळत होतं आणि दादाच्या हाताला सलाइन होतं. त्याने धाकट्या भावाला पैसे दिले. नीलांबरी पहिली येणार म्हणून लाव, म्हणाला, बाकी काही नको.

पद्माकर वेळेत पोचले. रेसच्या आधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी उभे राहिले. नीलांबरी घामाने डबडबली होती, मोतद्दाराला ओढत होती. ही गेली कामातून, असं त्यांना वाटलं. आणि त्यांच्या मनात आलं, दादाला आज हरल्याची बातमी कशी द्यायची? आज तरी जिंकल्याचं काहीतरी हातात घेऊन जाऊ. म्हणून त्यांनी दादाचे पैसे, ज्या घोड्यावर सगळ्यांची भिस्त होती त्या फेव्हरिटवर लावले. फेव्हरिट तिसरा आला. नीलांबरी जिंकली.

संध्याकाळी इस्पितळात त्यांनी सांगितलं, बस मिळायला उशीर झाला, पोचलो तेव्हा रेस संपली होती, लावता आलं नाही. दादाने विचारलं होतं, कुठली बस. ते म्हणाले होते, स्वारगेटहून सुटणारी साडेबाराची.

आत्ताही ते तेच म्हणतात. "साडेबाराची."

दादा पेनाचं टोपण लावतो. "रविवारी साडेबाराची नव्हती, पदू. बाराची होती, मग एकदम सव्वाची. ते वेळापत्रक मीच बसवलं होतं."

केबिनीत ओल्या गवताचा वास येतो. गवत पायाखालीच आहे, नीट कापलेलं. पॅडॉकच्या मधोमध इस्पितळाची लोखंडी कॉट मांडली आहे आणि तिच्यावर दादा पाय खाली सोडून बसलाय. सलाइनची बाटली झाडाच्या फांदीला टांगली आहे. भोवताली घोडे फिरतायत, एकामागे एक, मोतद्दारांच्या हातात लगाम. त्यांच्या टापांचा आवाज येत नाही. कठड्याशी माणसं उभी आहेत, पण सगळे पाठमोरे.

पद्माकर कॉटच्या कडेला टेकतात. सहा वर्षं जे घशाशी अडकलं होतं ते सहज बाहेर येतं, जणू कुणी दारच उघडून धरलंय.

"दादा, मी पोचलो होतो. वेळेत पोचलो होतो. तुझे पैसे मी दुसऱ्या घोड्यावर लावले."

"हं."

"तुला वाईट बातमी द्यायची नव्हती."

"कळलं होतं मला. तुला खोटं कुठे नीट बोलता येतं?"

एक करडा घोडा जवळून जातो. त्याचा ऊन श्वास दोघांच्या चेहऱ्यांवर येतो. दादा त्याच्याकडे बघत राहतो, तो पुढे जाईपर्यंत.

"पैशाचं मला काही नाही," तो म्हणतो. "आयुष्यभर हरतच होतो की. पण तू ती रेस बघितलीस, आणि मला म्हणालास, बघितली नाही. नऊ दिवस मी तिथे पडून होतो, पदू. पेपरात एक ओळ आली होती. नीलांबरी मानेच्या अंतराने विजयी. एवढीच. कुठून निघाली, वळणावर कुठे होती, काही नाही. मी विचारणार कुणाला?"

पद्माकरांना वाटतं, आपण जमिनीत जावं. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. सहा वर्षं ते पैशांपायी आणि खोट्यापायी मनात कुढत होते. दादा मात्र एका रेसची वाट बघत गेला होता.

"आता सांग," दादा म्हणतो आणि कॉटवर मांडी घालून बसतो.

पद्माकर सुरुवात करतात. अकरा घोडे होते, म्हणतात. गेट उघडलं आणि नीलांबरी सगळ्यात मागे राहिली.

"किती मागे?"

"दहाव्याच्या मागे, चांगली दोन घोड्यांच्या लांबीइतकी. माणसं हसली."

"हसणारच. पुढे?"

पुढे चिखल उडत होता, जॉकींचे रंग ओळखू येईनात. तिच्या जॉकीचा शर्ट गुलाबी होता, पण पहिल्या वळणापर्यंत तो मातीचाच झाला. पद्माकर सांगतायत आणि त्यांच्या पायाखाली स्टँडच्या पायऱ्या आहेत. खाली ओली धावपट्टी दूरवर पसरली आहे. पलीकडे पुण्याच्या ओळखीच्या झाडांच्या मागे एक मोठा हिरवा डोंगर उभा आहे, माथ्यावर देऊळ, अंगावर ढगांची सावली. डोंगर कालपर्यंत तिथे नव्हता. दादा त्याच्याकडे बघून मान हलवतो, चल, निदान हा तरी वेळेवर आला, अशी.

आणि घोडे डोंगरातून उतरतात.

पद्माकर उभे राहतात. त्यांचा आवाज चढतो. शेवटच्या वळणावर सगळे बाहेरच्या अंगाने गेले, दादा, तिकडची माती जरा बरी होती म्हणून. कठड्यालगत कुणीच नव्हतं, नुसता राडा होता. आणि तिच्या जॉकीने तिला त्या राड्यात घातलं. ती घाबरली नाही. आठवी होती, सहावी झाली, मग मला दिसेचना, मधे फेव्हरिट होता. मग त्याच्या मानेखालून तिचं नाक निघालं.

"चाबूक?"

"उचललासुद्धा नाही. नुसते हात पुढे करत होता, पुढे, पुढे."

"कान?" दादा विचारतो. त्याचा आवाज अगदी हळू झाला आहे. "कान कसे होते तिचे?"

पद्माकर बघतात. समोरून ती येतेय, चिखलाने काळी, तोंडाला फेस. शेजारचा घोडा तिच्या मानेपर्यंत आलाय आणि त्याच्यावरचा जॉकी चाबूक मारमारून थकलाय.

"पुढे," ते ओरडतात. "दोन्ही पुढे. तो मानेपर्यंत आला तरी पुढेच."

दादा हसतो. तोंड उघडून, डोळे मिटून, अगदी आतून.

"म्हणजे दम शिल्लक होता तिच्यात. आणखी फर्लांगभर धावली असती ती."

"धावली असती, दादा."

"मी सांगत नव्हतो?"

"सांगत होतास."

स्टँडमधली पाठमोरी माणसं आता कुठेच नाहीत. दादा पायऱ्या उतरायला लागलाय, खाकी शर्टाच्या पाठीवर ऊन पडलंय. पहाटे साडेपाचला लॉजवरून निघ, तो न वळता सांगतो, सरावाचे घोडे धुक्यात बघायचे, सहाला धुकं जातं. पद्माकर विचारतात, आणि तू? दादा काहीतरी म्हणतो, ते नीट ऐकू येत नाही. टापांचा आवाज आता एकदम सुरू झालाय, जमीन हादरवणारा. पद्माकर त्या आवाजावर आवाज काढून घोडीच्या नावाने हाका मारत राहतात, दादाला शेवटपर्यंत ऐकू जावं म्हणून. नीलांबरी, नीलांबरी, नीलांबरी.

गाडी एक हिसका देऊन थांबते.

मिरज आहे. फलाटावर चहावाल्यांची धावपळ, हमालांच्या लाल डगल्या, उतरत्या उन्हाचा पट्टा थेट पद्माकरांच्या मांडीवर. समोरचं जोडपं जागं झालंय आणि त्यांच्याकडे जरा काळजीने बघतंय. पद्माकर खिडकीतून चहा मागायला तोंड उघडतात आणि आवाज निघत नाही. नुसती हवा निघते. दुपारी तिकीट तपासनिसाशी ते खणखणीत बोलले होते, त्याला गाडीच्या उशिराबद्दल दोन शब्द सुनावलेही होते. आता घसा पार बसलाय. आत खरखरतंय, मोसमातल्या एखाद्या रविवारी दुपारभर कठड्याशी उभं राहून ओरडावं तसं.

ते बोटाने खूण करून चहा घेतात. गरम घोट गिळताना दुखतं. दुसऱ्या घोटाशी फोन वाजतो.

शैलावहिनी आहेत. कुठवर आलात, जेवलात का, खिडकी मिळाली का, असं एका दमात विचारतात. पद्माकर कसंबसं खरखरत उत्तर देतात.

"भाऊजी, आवाजाला काय झालं तुमच्या? सकाळी तर बरा होता."

गाडी हलते. फलाट मागे सरकायला लागतो. पद्माकर चहाचा कप दोन्ही हातांत धरून ठेवतात.

"वहिनी," ते त्या फाटक्या आवाजात म्हणतात, "नीलांबरीची रेस मी बघितली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादाला मी खोटं सांगितलं."

पलीकडे टीव्ही चालू असतो. तो बंद होतो. मग खुर्ची ओढल्याचा आवाज येतो.

"थांबा हं," वहिनी म्हणतात, "बसते. आता सांगा."