चमक नसलेले जॉइंट

परवा आठवडी बाजाराच्या दिवशी मोताळ्याच्या आमच्या शेडमध्ये मुळे काकांनी अख्खा ट्रे नापास केला. तोही सायमाचा... जिच्या कामात आजवर कुणाला खोट सापडली नव्हती.

आधी आमचा धंदा सांगतो. रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून तारेच्या कुंपणात झटका सोडणारी मशीन असते ना, तिचे सर्किट बोर्ड आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त जावेद. सोल्डरिंग, म्हणजे तापलेल्या आयर्नने सोल्डरची तार वितळवून पार्ट बोर्डाला जोडणं, हातानेच होतं, टेबलांवर सगळ्या बायका आणि सायमा त्यांची इन्चार्ज.

मागच्या महिन्यात सायमा येऊन म्हणाली, मला दिवस गेलेत. डॉक्टरीणबाईंनी काम काय करतेस ते विचारलं आणि सोल्डरचं नाव ऐकताच बंद कर म्हणाल्या. त्यात शिसं असतं, ते हाताला लागतं, हातातून पोटात जातं आणि बाळाला बाधतं. सायमाला काम सोडायचं नव्हतं... आणि इन्चार्जची जागा तर मुळीच नाही.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिला पॅकिंगला बसवायचं, विषय संपला. तशीही माझी नजर बरेच दिवस एका सेकंडहँड वेव्ह सोल्डरिंग मशीनवर होती... बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून सरकतो आणि सगळे जॉइंट एकदम होतात. पैसेही त्यासाठीच बाजूला ठेवले होते.

जावेदने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिलेच काऊन उठवतं बे? सोल्डरच बदल ना."

म्हणायला काय जातं! बिनशिशाचं सोल्डर महाग. ते वितळायला तापमान जास्त लागतं, म्हणजे आमची साधी आयर्न बाद. आयर्नच्या जुन्या टिप आणि त्या पुसायचे स्पंजही फेकायचे, कारण त्यांत शिसं उरतं. थोडक्यात सगळी टेबलं नव्याने उभी करा आणि मशीन विसरा.

आमची चांगलीच जुंपली. मी त्याला उधळ्या म्हटलं, तो मला चिंगूस म्हणाला... चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो. शेवटी मी हो म्हटलं, पण अट घालून. पहिला लॉट बिघडला तर जुनं सोल्डर परत आणि सायमा पॅकिंगला. ही अट तिच्या कानावरही घातली होती.

आणि परवा तो पहिला लॉट काकांच्या टेबलावर आला. मुळे काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, आमचं चेकिंग तेच बघतात. भिंगाखाली जॉइंट लख्ख चमकला तर पास, मळकट दिसला तर कच्चा, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. सायमाचा एकूण एक जॉइंट मळकट होता. काकांनी मान हलवली आणि ट्रे बाजूला सारला.

सायमाने टेबल पुसलं, आपला डबा उचलला आणि पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसली. मी मनातल्या मनात मशीनवाल्याला फोन लावायलासुद्धा घेतला होता.

जावेदने पक्कड उचलली. बोर्डावरच्या एका पार्टचा पाय धरून काकांच्या नाकासमोर जोरात ओढला. पाय तुटला, जॉइंट जागचा हलला नाही. दुसरा ओढला, तेच. मग त्याने त्याच ट्रेमधला एक न तोडलेला बोर्ड टेस्टिंगच्या तारेला जोडला... झटका व्यवस्थित येत होता.

"हे सोल्डर असंच दिसते काका," एवढं बोलून त्याने पक्कड त्यांच्या हातात दिली.

काकांनी स्वतः ओढून पाहिलं, बराच वेळ. मग उठून पॅकिंगच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहीच नजर जुनी पडली बेटा. माल पक्का आहे. ऊठ, तुह्या जागेवर बस."

ती उठली आणि जागेवर जाऊन बसली. पुन्हा काम सुरू झालं. मी आपला थंड झालेला चहा प्यायलो.

मी एरवी भावुक वगैरे पोस्ट लिहीत नाही. ही लिहितोय ती संध्याकाळी जे झालं त्यामुळे.

शेड बंद करताना कोपऱ्यातल्या टेबलावरची वंदना मागे थांबली. मला वाटलं सुट्टी हवी असेल. तर म्हणाली, तिलाही दिवस गेलेत... सायमाच्याही आधीपासून. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"सांगतलं असतं तर तुम्ही मले उठवलं असतं."

 ती बरोबर होती, मी उठवलंच असतं. आणि माझ्या मनासारखं झालं असतं तर एकटी सायमा पॅकिंगला गेली असती. ही बाई मात्र तोंड मिटून कोपऱ्यात शिशाचं सोल्डर हाताळत राहिली असती आणि मला पत्ताही लागला नसता. रात्रभर तेच डोक्यात.

उद्या सगळ्या जणींना रक्तातलं शिसं तपासायला बुलढाण्याला नेतोय. रिपोर्ट यायला वेळ लागेल म्हणतात. वंदनाचा चांगला यावा, बाकी काही नको... भीती वाटते खरी.

जावेद, तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून इथे लिहितो. लई उपकार झाले बे तुझे.