चौदा पानांसाठी दिग्रस

नाशिकहून दिग्रसला लोक कशासाठी जातात, मला माहीत नाही. मी चौदा पानांसाठी गेले.

झालं असं, की मोबाइलवरच्या वाचकगटात दिग्रसच्या सुशीलाताईंशी ओळख झाली. सध्या काय वाचताय, आवडती रहस्यकथा कुठली, अशा गप्पा रंगल्या आणि त्यांनी त्यांची लाडकी कादंबरी मला टपालानं पाठवली. लोणच्याच्या व्यापाऱ्याला त्याच्याच बरणीतून कोणीतरी विष घालतं. संशयित तीन: सून, स्वयंपाकी आणि डॉक्टर. गॅसवरची भाजी करपवून मी वाचत गेले, तर शेवटचं चौदा पानांचं प्रकरणच नाही! ब्लेडनं नीट कापलेलं. जागेवर चिठ्ठी: ‘शेवट इकडे असतो. घ्यायला या.’ असा संताप आला, की त्याच दिवशी तिकीट काढलं.

यवतमाळहून दिग्रसची एसटी पकडली. बाहेर फुटलेला कापूस, आत माझ्या शेजारी मेथीची पिशवी घेतलेल्या एक आजी.

“कुठी चालल्या बाई?”

“खुनी शोधायला.”

आजींनी पिशवी पलीकडच्या बाजूला ठेवली. मग मी सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा पिशवी परत आली. पुढच्या सीटवरचे दोघेही वळून बसले. कंडक्टरला सुनेचा संशय आला. आजी मात्र ठाम होत्या.

“मले तं डाक्टरवरच शक हाये. मरायच्या आंधी तोच आलता न!”

स्टँडवर सुशीलाताई भेटल्या. निवृत्त नर्स, आवाज अजून वॉर्डातला. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी समोर आलूबोंडा (आपला बटाटेवडा) आणि वर झणझणीत तर्री ठेवली. नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना कोणाशी भांडणार?

“हे सगळं ह्या बळीरामभाऊमुळं,” त्यांनी शेजारच्या शिंप्याकडं बोट दाखवलं. भाऊंच्या पोटात खुनी राहत नाही. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगून टाकतात. म्हणून इथं प्रत्येक रहस्यकथेचा शेवट कापून डब्यात ठेवतात. डबा सांभाळतात सुशीलाताईंच्या नणंद, अनुसयाबाई. कारण त्या रहस्यकथांना हात लावत नाहीत. खुन्याचं नाव सांगायचं. शेवट आधी वाचलेल्यांनी बरोबर म्हटलं तर पानं मिळतात, चुकलं तर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

“कुठं आहेत अनुसयाबाई?”

“घाटंजीले गेली, बहिणीकडं. डबा संगंच नेला.”

दुसऱ्या दिवशी बळीरामभाऊंसकट आम्ही तिघं घाटंजीला. आठवडी बाजार भरलेला. अनुसयाबाई वांगी निवडत होत्या, काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

“बोला, कोणं मारलं?” वांग्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

मी पहिल्यापासून स्वयंपाक्यावर ठाम होते. पण ऐन वेळी त्या आजी आठवल्या आणि तोंडातून गेलं, “डॉक्टर.”

बळीरामभाऊंनी तोंडावर दाबलेला रुमाल सुटला आणि ते खो खो हसत सुटले. सुशीलाताईंनी मान हलवली. चुकलं होतं.

मी विनवण्या केल्या. सातशे किलोमीटर तरी आले असेन, म्हटलं. एकच पान द्या, म्हटलं. भर बाजारात अक्षरशः रडकुंडीला आले.

“कागदच तं हाये बाई,” अनुसयाबाई चकित होऊन म्हणाल्या. “इतका जीव काहून टाकता?” आणि डबा काखेत मारून वांग्यांकडं वळल्या.

नाशिकला परतताना मी खिडकीकडं तोंड करून फुगून बसले. दारव्हा येईपर्यंत राग टिकला, मग पुस्तक उघडलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. कबूल करते, दुसऱ्यांदा जास्त मजा आली. डॉक्टर बिचारा किती सरळ माणूस होता! या प्रवासात खुनी हाती लागला नाही, पण गोष्टीवर माझ्याइतका जीव टाकणारी माणसं भेटली, याचा मला मनापासून आनंद आहे.

घरी आल्यावर आठवड्यानं फोन वाजला. अनुसयाबाई.

“बाई, तुमी इतक्या दुरून आल्या, रडल्या, म्हणून मीनं ते पानं वाचून पाह्यले. खुनी तं समजला. पण मेलं कोण? त्याच्यात नुसतं मयत, मयत लिवलं हाये. चार दिवस झाले, घास गोड लागून नाही राह्यला. सांगा न!”

पुस्तक माझ्या मांडीवरच होतं. मी ते मिटलं.

“अनुसयाबाई,” मी म्हटलं, “सुरुवात इकडे असते. घ्यायला या.”