बाजरीतला शालू
वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा कडवट वास आला की मला माझ्या लग्नाचा शालू आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निरगुडसरला आमच्या घरी आई जाऊन वर्ष होत आलं होतं, त्यामुळे बस्त्यात घेतलेला शालू सांभाळायचं काम वडिलांवर आलं. ट्रंकेचा तळ गंजलेला, आणि घरात उंदीर फार. वडिलांनी कुणाला न विचारता शालू आईच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळला आणि कडुलिंबाचा पाला घालून बियाण्यासाठी राखलेल्या बाजरीच्या कोठीत खोल पुरला. हळदीच्या दिवशी आत्यानं शालू मागितला, तेव्हा त्यांनी कोठीचं झाकण काढलं. आत्यानं कपाळाला हात लावला. "आरं, लेकीचा शालू कुनी बाजरीत ठिवतं व्हय?" वडील हळूच म्हणाले, "बी आसंच ठिवतो आपुन. आजवर किडलं न्हाई." आत्या गाठोडं घेऊन अंगणात गेली, लुगड्याच्या घड्यांतून दाणे वाटभर गळत राहिले. शालूच्या जागी बाजरीत खळगा पडला होता. वडिलांनी तो हातानं सारखा केला, पण हात काही बाहेर काढला नाही. कोपरापर्यंत बाजरीत घालून ते तसेच उभे राहिले. परवा माझ्या मुलीचा शालू कपाटात ठेवताना मी खाली पाला पसरला. "आई, हे कशाला?" तिनं विचारलं. माझा हात शालूच्या घडीखाली होता, तो काढवेना.